धुराची वेळ

गाडी धूर मारू लागली की मालक गॅरेजवाल्याला आधी रंग सांगतो. निळा मारते, पांढरा मारते, रेस दिली की काळा फेकते. रंगावरून इंजिनात काय जळतंय ते कळतं. निळा म्हणजे ऑइल, पांढरा म्हणजे पाणी किंवा न जळलेलं डिझेल, काळा म्हणजे जास्तीचं इंधन. हे कोष्टक बहुतेकांना पाठ असतं. पण ती वस्तू सिलिंडरपर्यंत कोणत्या वाटेने पोचली हे रंगात दिसत नाही, आणि दुरुस्ती तर वाटेचीच करायची असते. ती वाट दाखवते वेळ. धूर सकाळच्या पहिल्या सेल्फला येतो की इंजिन गरम झाल्यावर? चढावर की उतारावर? रिकाम्या गाडीत की भरलेल्या? जुन्या गाडीचं निदान करताना 'कोणता' विचारण्याआधी 'केव्हा' विचारावं, एवढंच इथे सांगायचं आहे. डॅशबोर्डवरच्या दिव्यांनाही हेच लागू पडतं.

हिवतापाचा रोगी आला की जुने वैद्य ताप किती आहे हे नंतर बघत. आधी विचारत, कधी येतो? रोज, दिवसाआड, की दोन दिवस सोडून? अंग सगळ्यांचंच तापलेलं असे, पण आजाराची ओळख पटे ती त्याच्या वेळेवरून. इंजिनाचंही तसंच आहे.

वाणगावात हा प्रश्न विचारणं सोपं जातं, कारण इथली गाडी एका दिवसात सगळ्या परीक्षा देते. बोईसर आणि डहाणू रोडच्या मधलं हे पश्चिम रेल्वेचं स्टेशन. पश्चिमेला चिंचणीचा समुद्र, पूर्वेला चारोटी, तलासरीवरून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि त्याच्याही पलीकडे जव्हारचा चढ. पहाटे गार इंजिनाला सेल्फ मारून मिरचीची किंवा चिकूची पिकअप निघते. स्टेशनाबाहेर ती इंजिन चालू ठेवून उभी राहते, दुपारी महामार्गावर तापते, संध्याकाळी रिकामी परत येते. गार, गरम, उभी, धावती, भरलेली, रिकामी अशा सगळ्या अवस्था सूर्य मावळायच्या आत येऊन जातात. यांतल्या नेमक्या कोणत्या अवस्थेत धूर दिसला, ते चालवणाऱ्याने लक्षात ठेवलं तर अर्धं निदान गॅरेजच्या दारातच होतं.

पांढऱ्यापासून सुरुवात करू, कारण त्यात दोष नसतानाही माणूस सगळ्यात जास्त घाबरतो. एक लिटर पेट्रोल किंवा डिझेल पूर्ण जळलं की त्यातून सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. सायलेन्सर गरम असला की हे पाणी वाफ होऊन न दिसता निघून जातं. डिसेंबर-जानेवारीतल्या गार सकाळी सायलेन्सरही गार असतो. वाफ तिथे थिजते, पांढरी दिसते, शेपटातून दोन थेंबही गळतात. पाच-दहा मिनिटं गाडी चालली की हे थांबतं. सकाळी दिसून थांबणारा, हवेत लगेच विरणारा पांढरा धूर हा निरोगी इंजिनाचा श्वास आहे. त्यावर पैसे खर्च करू नयेत.

इंजिन पुरतं तापल्यावरही पांढरं येतच राहिलं, गाडीमागे लांबपर्यंत तरंगत राहिलं, गोडसर वास आला आणि बाटलीतला कूलंट दर आठवड्याला खाली जाऊ लागला, तर मामला वेगळा. आता पाणी सिलिंडरमध्ये उतरतंय आणि संशय हेड गॅस्केटवर जातो. इथेही वेळ साक्ष देते. गाडी रात्रभर उभी असताना मुरलेलं पाणी एका सिलिंडरमध्ये साचतं. सकाळी सेल्फ मारला की इंजिन काही क्षण एका सिलिंडरने कमी चालतं, थरथरतं, पांढरा लोट टाकतं आणि मग सरळ होतं. सेल्फ मारून मिनिटभर होतं न होतं तोच, पाणी गरम व्हायच्याही आधी, रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक लागला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय असं समजावं. दाब गरम पाण्यानेही येतो. गार इंजिनात इतक्या लवकर तो यायचं कारण नाही.

पावसाळ्यात एक फसगत होते. ऑइलचं झाकण उघडलं की आतून पिवळसर, दुधाळ लेप दिसतो आणि कोणीतरी लगेच हेड खोलायला सांगतो. गाडी घर ते स्टेशन एवढीच रोज धावत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही. दमट हवेतलं पाणी झाकणाखाली जमून ऑइलशी घुसळतं. गाडी एकदा महामार्गावर तासभर पळवून आणावी आणि डिपस्टिक बघावी. लेप गेला आणि पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असलं तर हेडला हात लावायची गरज नाही. पट्टीवरही दुधाळ ऑइल आलं तर मात्र गाडी चालवूच नये.

डिझेल गाडीचा पांढरट-करडा धूर डोळ्यांना झोंबतो, त्याला कच्च्या डिझेलचा वास असतो. डिझेल आत गेलं, पण पेटलं नाही. सकाळी येऊन गरम झाल्यावर थांबत असेल तर ज्या इंजिनात हीटर प्लग असतात तिथे आधी ते तपासावेत. डॅशबोर्डवरचा कॉइलचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबून सेल्फ मारतो का, हेही स्वतःला विचारावं. गरम झाल्यावरही येत असेल तर पंपाचं टायमिंग, नोझल किंवा कॉम्प्रेशन यांच्याकडे वळावं.

निळ्या धुराने जुन्या गाड्यांचे मालक सगळ्यात जास्त पैसे घालवले आहेत. निळं दिसलं की 'रिंगा गेल्या, इंजिन काढावं लागेल' हे वाक्य तयारच असतं. पण ऑइलला सिलिंडरमध्ये यायला दोन मुख्य वाटा आहेत: वरून आणि खालून. वर हेडमध्ये वॉल्व्हभोवती ऑइल खेळतं. ते खाली उतरू नये म्हणून वॉल्व्हच्या दांड्यावर रबरी सील असतो. वर्षानुवर्षं उष्णता सोसून हा रबर कडक होतो. मग गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल दांड्यावरून थेंबथेंब उतरतं आणि सकाळी पहिल्या सेल्फला निळा झोत निघतो. तेवढं ऑइल जळालं की धूर बंद, दिवसभर गाडी स्वच्छ. पेट्रोल गाडीत हाच दोष लांब उतारानंतरही दिसतो. उतारावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की हवेची वाट बंद होते, पिस्टन आत जोराची ओढ निर्माण करतात आणि त्या ओढीने ऑइल वॉल्व्हच्या गाईडमधून खाली येतं. उतार संपून पुन्हा रेस दिली की मागे निळा ढग उठतो.

खालची वाट पिस्टनच्या रिंगांची. रिंगा किंवा बोअर झिजले की धूर वेळ पाळत नाही. तो गरम इंजिनातही येतो, भर घेतल्यावर वाढतो, जव्हारच्या चढावर थांबतच नाही. शिवाय सिलिंडरमधला गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये घुसतो, तिथून ब्रीदरने बाहेर पडतो. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण सैल केलं तर ते उडायला बघतं. याला इंजिन धापतं म्हणतात. पेट्रोल गाडीत खात्री करून घ्यायची साधी रीत आहे. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांतून, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. आकडा तसाच राहिला तर वॉल्व्हकडे बघायचं. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत तिसरी वाटही असते: बराच वेळ उभ्या चालू गाडीला एकदम रेस दिली की निळा लोट येतो, आणि टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा हवेचा पाइप आतून ऑइलने ओला सापडतो.

या वाटा वेगळ्या ओळखायचं कारण खर्चाचं आहे. वॉल्व्ह सील बदलायला बहुतेक गाड्यांत इंजिन खाली उतरवावं लागत नाही. रिंगांसाठी हेडही खोलावं लागतं आणि चेंबरही. बोअर झिजला असेल तर स्लीव्हपर्यंत काम जातं. ज्याच्या घरचं दाणापाणी एका पिकअपवर आहे, त्याच्यासाठी हा फरक एका संध्याकाळचं काम आणि कित्येक दिवस बुडालेला धंदा यांच्यातला आहे.

म्हणून अनुभवी मिस्त्री धुराची तक्रार असलेली गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावायला सांगतो. सकाळी आल्यावर तो आधी बॉनेटवर तळहात ठेवतो. पत्रा गार आहे, म्हणजे कोणी गाडी आधीच चालवून आणलेली नाही. मग सायलेन्सरच्या तोंडाशी वीतभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरायला पोऱ्याला बसवतो आणि सेल्फ मारतो. पहिले दहा सेकंद तो डॅशबोर्डकडे आणि आरशातून मागे बघतो, कान इंजिनाकडे असतात. पुठ्ठ्यावर पाण्याचे डाग पडले तर ते वाळून नाहीसे होतात, ऑइलचे डाग चिकट राहतात, काजळी बोटाला लागते. तोच पुठ्ठा इंजिन पुरतं तापल्यावर पुन्हा धरतो. दोन वेळांचे दोन डाग शेजारी ठेवले की वाद राहत नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही ही रीत उचलावी. बघायला गेल्यावर बॉनेट आधीच गरम लागला तर सकाळचा धूर आपल्याला दिसणार नाही. उद्या पुन्हा येतो, गाडी गारच ठेवा, असं सांगून परत फिरावं.

काळ्या धुराचं गणित हवेचं. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ११ किलो, म्हणजे जवळपास ९,००० लिटर हवा लागते. डिझेलला त्याहून जास्त. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांची धूळ खाऊन एअर फिल्टर चोंदला की ही हवा अडते आणि इंधन अर्धवट जळून काजळी होतं. डिझेल गाडी भर वेगात, भर घेतल्यावरच काळं फेकत असेल तर फिल्टर आणि टर्बोचे फाटलेले पाइप आधी बघावेत. हे सगळ्यात स्वस्त काम आहे. गाडी नुसती उभी असतानाही काळं येत असेल आणि ठोका ऐकू येत असेल तर नोझल टपकतोय. पेट्रोल गाडी गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर काळी होत असेल तर कार्बोरेटरच्या गाडीत चोक अडकलेला असू शकतो. एमपीएफआय गाडीत पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर 'इंजिन अजून गारच आहे' असं खोटं सांगत असतो आणि कॉम्प्युटर बिचारा जास्तीचं पेट्रोल ओतत राहतो.

आता दिवे. चावी फिरवली, इंजिन अजून चालू नाही, त्या क्षणी महत्त्वाचे दिवे लागायलाच हवेत; तो त्यांची हजेरी घेण्याचा क्षण आहे. जो दिवा तेव्हा लागत नाही, तो संकटातही लागणार नाही. बल्ब गेलेला असेल किंवा गाडी विकताना कोणी काढूनही ठेवलेला असेल. जुन्या गाडीत कधीच न लागणारा दिवा सर्वांत धोक्याचा.

ऑइलचा लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगतो, असा समज फार पसरलेला आहे. तो दाब सांगतो, आणि तोही दाब जवळजवळ संपल्यावर. म्हणून हा दिवा धावत्या गाडीत लागला तर पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ असा विचार करू नये. बाजूला घेऊन तिथेच इंजिन बंद करावं. तोच दिवा फक्त वळणावर किंवा चढावर क्षणभर चमकत असेल तर चेंबरमधलं ऑइल कमी झालंय, एका बाजूला सरकतंय आणि पंपाच्या तोंडाला हवा लागतेय. गरम इंजिन उभं असतानाच लुकलुकत असेल आणि थोडी रेस देताच विझत असेल तर ऑइल पातळ झालंय, बेअरिंगा झिजल्यात किंवा स्विचच खराब आहे. दाब मोजायचं घड्याळ लावल्याशिवाय यांतलं काही ठरवू नये.

बॅटरीच्या दिव्याची रचना साधी आणि सुंदर आहे. जुन्या गाड्यांत त्याचं एक टोक बॅटरीकडे असतं, दुसरं अल्टरनेटरकडे. दोन्हीकडे सारखा व्होल्टेज असला की त्यातून प्रवाह जात नाही, दिवा विझलेला राहतो. फरक पडला की तो पेटतो. जोराच्या पावसात किंचाळल्याच्या आवाजासह लागत असेल तर पट्टा ओला होऊन घसरतोय. पण बॅटरीचा दिवा आणि तापमानाचा काटा एकाच वेळी उठले तर एक मिनिटही पुढे जाऊ नये. पुष्कळ जुन्या इंजिनांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला की दोघं एकदम थांबतात. एकटा दिवा आणि जोडीने आलेली खूण यांचे अर्थ वेगळे असतात.

गाडी गरम होते, ही तक्रारही 'केव्हा'शिवाय अपुरी आहे. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू होते तेव्हा ऊन तापलेलं असतं आणि गाड्या माणसांच्या पावलाने सरकतात. त्या रांगेत तापणारी आणि मोकळ्या रस्त्याला लागताच गार होणारी गाडी पंख्याची चूक सांगते. वेग आला की वारा पंख्याचं काम करतो. उलट, रांगेत ठीक आणि महामार्गावर, भर घेऊन तापणारी गाडी रेडिएटर चोंदल्याचं, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट बिघडल्याचं सांगते. आणि सगळ्यात वाईट खूण सगळ्यात दिलासा देणारी दिसते: वर गेलेला काटा अचानक खाली पडतो. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी संपून तो हवेत उघडा पडला की काटा खाली येऊ शकतो आणि आत हेड भाजत असतं. अशा वेळी थांबावं, पण रेडिएटरचं झाकण उघडू नये. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वरही उकळत नाही; झाकण सुटताच ते एकदम वाफ होऊन अंगावर येतं.

नव्या यंत्रणाही शेवटी याच प्रश्नाशी येऊन पोचल्या. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना ओबीडी-२ ही स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली; भारतात भारत स्टेज चारच्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा लागू झाला. अशा गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला की स्कॅनर दोषाचा क्रमांक दाखवतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्या क्रमांकाबरोबर कॉम्प्युटर आणखी एक नोंद साठवून ठेवतो, तिच्याकडे फार कमी लोक बघतात: दोष पकडला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, पाणी किती गरम होतं, गाडीचा वेग काय होता, भार किती होता. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. नुसता क्रमांक पुरत नाही, हे यंत्र बनवणाऱ्यांनाही मान्य करावं लागलं. चेक इंजिनच्या दिव्याची एक वेळही ओळखून ठेवावी. स्थिर राहिला तर गाडी लवकर दाखवावी. धावताना लुकलुकू लागला तर इंजिन मिसफायर करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय, तेव्हा पाय लगेच हलका करावा.

पीयूसीवर विसंबणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन उभ्या गाडीत मोजतात. डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये जोराने रेस देऊन तपासतात; भारत स्टेज चारच्या आधीच्या गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे, स्टेज चारच्या गाड्यांना ५०. ही तपासणी गरजेची आहे, पण ती एका अवस्थेतला एकच क्षण बघते. गार सकाळचा निळा झोत आणि भरलेल्या पिकअपचा चढावरचा धूर त्या क्षणात येत नाहीत. तो धूर मात्र मागे उभ्या असलेल्या शाळकरी पोरांच्या, रेल्वे फाटकाशी थांबलेल्या दुचाकीवाल्यांच्या छातीत जातोच. म्हणून प्रमाणपत्र खिशात असलं तरी आपली गाडी इतर वेळी काय करते, याची जबाबदारी मालकाचीच राहते.

२०१० पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत अशी नोंद ठेवणारं काही नाही. मिस्त्री कितीही हुशार असला तरी तो गाडीला गॅरेजातल्या तासाभरातच भेटतो. पहाट, चढ, उतार, जत्रेतली रांग, रिकामा परतीचा रस्ता या सगळ्या वेळी गाडीबरोबर असतो तो फक्त चालवणारा. त्याने डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवावी. ऑइल केव्हा आणि किती टाकलं, पाणी केव्हा भरलं, त्या वेळी मीटरवर किती किलोमीटर होते, धूर किंवा दिवा दिसला तेव्हा इंजिन गार होतं की गरम, गाडी भरलेली की रिकामी, आणि त्याच सुमारास दुसरं काही बदललं का. मग गॅरेजमध्ये 'गाडी धूर मारते' असं सांगावं लागणार नाही. 'रात्रभर उभी राहिली की सकाळी निळा झोत येतो, मिनिटात थांबतो, चढावर काही नाही, हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल खाते' एवढं एक वाक्य सांगता येईल. ते ऐकलेला मिस्त्री इंजिन खोलायची घाई करणार नाही. आणि कोणी केलीच, तर मालकाला त्याला थांबवून विचारता येईल, आधी सील का बघत नाही?